अतिदाब प्राणवायू उपचार आणि मधुमेही पायाचा व्रण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
दीर्घकालीन मधुमेहात पायाची संवेदना मंदावते आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. त्यामुळे चपलेने लागलेली किरकोळ जखम लक्षात येत नाही, आणि लक्षात आली तरी सहजासहजी भरून येत नाही. चिघळलेल्या व्रणाची परिणती काही वेळा पाय कापण्यात होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. म्हणूनच अशा व्रणावर दाबकक्षात शुद्ध प्राणवायू देण्याच्या उपचाराचा इतिहास तपासणे उद्बोधक ठरते.

दाबाखालील हवेचे युग :
फ्रान्समध्ये जुनो, प्रवाझ आदी वैद्यांनी १८३० च्या दशकात रुग्णांना दाबाखालील हवेत बसविण्याचे प्रयोग केले. वाढलेल्या दाबाखालील प्राणवायू मज्जासंस्थेस विषवत ठरू शकतो, हे पॉल बेर यांनी १८७८ च्या ग्रंथात दाखवून दिले. तथापि उपचारकांचा उत्साह शास्त्राच्या पुढे धावत राहिला. अमेरिकेत ऑर्व्हल कनिंगहॅम यांनी मधुमेह, कर्करोग व उपदंश यांवर दाबाखालील हवा गुणकारी असल्याचा दावा केला. १९२८ मध्ये क्लीव्हलँड येथे त्यांच्यासाठी ६४ फूट व्यासाचा पोलादी गोल उभारण्यात आला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पुरावे मागितले. ते समाधानकारकपणे कधीच सादर झाले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो गोल भंगारात गेला.

शास्त्रीय पुनरुज्जीवन :
या विषयाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बोरेमा यांनी. तीन वातावरणीय दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यास दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ६ मिलिलिटर प्राणवायू नुसता विरघळतो. विश्रांतीच्या अवस्थेतील शरीराची गरज जवळपास तेवढ्यावर भागते. रक्तपेशी जवळजवळ काढून घेतलेली डुकरे अशा कक्षात जिवंत राहतात, हे बोरेमांनी १९६० मध्ये सिद्ध केले. पाठोपाठ ब्रुमेलकाम्प यांनी १९६१ मध्ये गॅस गँग्रीनवरील उपयोग प्रसिद्ध केला. रक्तपुरवठा खुंटलेल्या मधुमेही पायासही हाच न्याय लागू पडावा, ही अपेक्षा यातूनच निर्माण झाली.

पुराव्याची कसोटी :
इटलीतील फालिया व सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात ६८ रुग्णांपैकी उपचारगटात ८.६ टक्के, तर तुलनागटात ३३.३ टक्के रुग्णांचे मोठे अवयवच्छेदन करावे लागले. २००३ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने खोल व्रणांसाठी, नेहमीच्या उपचारांना ३० दिवस दाद न मिळाल्यास, या उपचाराचा खर्च मान्य केला. स्वीडनमधील लोंडाल व सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात ९४ रुग्ण होते. एका गटास दाबाखाली प्राणवायू, तर दुसऱ्यास त्याच दाबाखाली साधी हवा देण्यात आली. वर्षअखेर निवडलेला व्रण पूर्ण भरण्याचे प्रमाण अनुक्रमे ५२ व २९ टक्के होते. कनिंगहॅम यांनी जे औषध म्हणून विकले, तेच येथे तुलनेचे माप झाले, ही बाब लक्षणीय होय.

मात्र कॅनडातील २०१६ च्या अभ्यासात अवयवच्छेदनाची गरज घटल्याचे आढळले नाही. नेदरलँड्समधील १२० रुग्णांच्या २०१८ च्या अभ्यासातही निर्णायक लाभ दिसला नाही. तेथे उपचारगटातील सुमारे एक तृतीयांश रुग्ण नियोजित सत्रे पूर्ण करू शकले नव्हते.

समारोप :
मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना या उपचारास केवळ पूरक मानतात : रक्तपुरवठा अपुरा असलेल्या, नेहमीच्या उपचारांनी न भरणाऱ्या व्रणांसाठी, तेही साधने उपलब्ध असतील तेथे. जखमेची स्वच्छता, पायावरील भार कमी करणे, जंतुसंसर्गावरील उपचार, साखरेचे नियंत्रण व रक्तप्रवाहाची पुनःस्थापना यांची जागा दाबकक्ष घेऊ शकत नाही. हा उपचार गुणकारी आहे काय, यापेक्षा तो नेमक्या कोणत्या रुग्णास गुणकारी आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. तो प्रश्न न विचारता उभारलेल्या गोलाचे काय झाले, याची साक्ष इतिहास देतो. आणि तो आजही न विचारल्यास त्याची किंमत रुग्णाला पैशाने, वेळेने व प्रसंगी पायाने मोजावी लागते.