कोरड्या गालांचं मलम: मूळ कहाणी

हुरड्याचे दिवस आले, पहाटेचा वारा झोंबायला लागला, की आपले सगळ्यांचे गाल सारखेच दिसायला लागतात. कातडी पांढुरकी पडते, ओठ फुटतात, हसलं तरी गाल ओढल्यासारखे वाटतात.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने आठवडी बाजारातून आणलेली क्रीमची डबी दाखवली. तिच्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना तारीख. आठ दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटला, मग लाल होऊन आग व्हायला लागली. तिला घालवायचा होता कोरडेपणा, आणि हातात पडली गोरेपणाची डबी. म्हणून म्हटलं, आज या मलमाची मूळ कहाणीच सांगावी. ते कशासाठी निघालं हे कळलं, की काय घ्यायचं आणि काय नाही हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी कातडीचं काम समजून घेऊ. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात थोडी चरबी असते. भिंतीत विटांमध्ये माती लिंपावी तशी ती बसलेली असते आणि आतलं पाणी धरून ठेवते. कोरडा वारा, कडक साबण आणि कढत पाणी यांनी हे लिंपण निघून जातं, पाणी उडतं आणि कातडी तडकते. मलम कातडीला खाऊपिऊ घालत नाही. ते फक्त गेलेलं लिंपण परत देतं.

हे माणसाला फार पूर्वीच उमगलं होतं. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी रोममध्ये गेलन नावाचा ग्रीक वैद्य होता. मधमाश्यांचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेलं मलम त्याच्या नावावर सांगितलं जातं. लावल्यावर त्यातलं पाणी उडायचं आणि गार वाटायचं. म्हणून त्याला कोल्ड क्रीम म्हणतात. आपल्याकडच्या वैद्यांनी तूप घेतलं. तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने शंभर वेळा घोटून धुवायचं, की ते लोण्यासारखं मऊ आणि पांढरं होतं. तेच शतधौत घृत. कोकणात आणि गोव्यात बायकांनी कोकमाच्या बियांचं तेल काढलं. ते थंड झालं की घट्ट होतं. त्याचा गोळा घरात ठेवायचा आणि भेगाळलेल्या टाचांना लावायचा, ही तिथली जुनी रीत आहे.

आता पुढची गोष्ट अमेरिकेतली. साल १८५९. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावात जमिनीतून खनिज तेल निघालं. रॉबर्ट चेसब्रो नावाचा बावीस वर्षांचा रसायनतज्ज्ञ ते बघायला गेला. तिथे तेल उपसणाऱ्या दांड्यांवर मेणासारखा चिकट थर साचायचा. यंत्र अडायचं, म्हणून कामगार त्याला वैतागलेले असायचे. पण हाताला कापलं, भाजलं की तोच थर खरवडून लावायचे. चेसब्रोने ते नीट पाहिलं, तो थर घरी नेला आणि अनेक वर्षं खपून तो शुद्ध केला. १८७२ मध्ये त्याने पेटंट घेतलं. तेच व्हॅसलीन. डोकं चेसब्रोचं होतं, पण त्या थराचा उपयोग आधी कळला तो राबणाऱ्या हातांना.

मेंढीच्या लोकरीतही चरबी असते. लोकर धुताना ती निघते. १८८२ मध्ये जर्मनीत ती शुद्ध करून लॅनोलिन तयार झालं. याच लोकरीच्या चरबीतून तेल आणि पाणी एकत्र बांधून ठेवणारा पदार्थ सापडला आणि १९११ मध्ये हॅम्बुर्ग शहरात निव्हिया क्रीम निघालं. त्याआधीची मलमं फुटायची, तेल एकीकडे आणि पाणी एकीकडे व्हायचं. आता ती डबीत महिनोन्‌महिने टिकायला लागली.

त्याच काळात दुसरं एक मलम आलं. ते लावलं की दिसेनासं व्हायचं, चेहरा तेलकट व्हायचा नाही आणि वर पावडर छान बसायची. बर्फासारखं पांढरं, म्हणून नाव स्नो. मुंबईत पाटणवाला यांचं अफगाण स्नो निघालं आणि ‘स्नो-पावडर’ हा शब्द मराठी घरात आला. पण स्नोमध्ये चरबी कमी. ते तेलकट चेहऱ्याला बरं, तडकलेल्या गालाला अपुरं. १९२९ मध्ये कोलकात्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलीन काढलं. परदेशी मालाला स्वदेशी उत्तर होतं ते, आणि त्यात लोकरीची चरबी होती.

इथवर बहुतेक मलमांचं मुख्य काम होतं, कातडी सांभाळायची. १९७५ मध्ये आपल्या देशात फेअर अँड लव्हली आलं आणि जाहिरातींची भाषा बदलली. मुलगी सावळी म्हणून नोकरी नाही, लग्न नाही, असं चित्र घरोघरी पोचलं. आपण कोरड्या गालासाठी दुकानात जायचो आणि रंगाची काळजी घेऊन परत यायचो. २०२० मध्ये कंपनीने नावातला ‘फेअर’ शब्द काढला. पण आपल्या मनातून तो निघाला का, हे ज्याचं त्याने बघावं.

मग मलम निवडायचं कसं? डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख बघा. नसेल तर घेऊ नका. झटपट गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये पारा किंवा स्टेरॉइड असू शकतं. नवं मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा. खाज, आग झाली नाही, तर आणखी आठवडाभर एकाच गालाला लावा आणि दुसरा तसाच ठेवा. फरक आरशातच दिसेल, जाहिरातीला विचारायला नको. तोंड कोमट पाण्याने धुवा, टिपून घ्या आणि ओलसर असतानाच हरभऱ्याच्या दाण्याएवढं मलम लावा. पाणी आत अडकवायचंय, म्हणून ओलावा असतानाच. साधी पेट्रोलियम जेलीही हे काम चोख करते. पुटकुळ्या येणाऱ्या मुलींनी मात्र जड तेल-तूप चेहऱ्याला लावू नये.

आणखी एक. चेहरा ओढलेला दिसतो तो दर वेळी कातडीमुळेच असं नाही. सतत थकवा असेल, धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. अंगावरचा फिकट चट्टा सुन्न लागत असेल, तर मलम चोळत बसू नका. आशाताईंना दाखवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

आमच्या मैत्रिणीने ती डबी बंद केली, डॉक्टरांना दाखवलं. आता ती साधं मलम लावते. परवा बैठकीत म्हणाली, “रंग होता तोच आहे गं, पण हसताना गाल दुखत नाही.”

पुढच्या बैठकीत आपापल्या घरातली डबी घेऊन या, मैत्रिणींनो. सगळ्या मिळून तिच्यावरचं वाचू या.