आगोटीची बेगमी

सह्याद्रीच्या माथ्यावरून उगवतीकडे उतरूं लागलें म्हणजे थोड्याच कोसांत पाऊस किती ओसरतो, हें भोर प्रांतांत जसें दिसतें तसें अन्यत्र क्वचितच दिसेल. वरंध घाटाच्या तोंडाशीं श्रावणांत सूर्यदर्शन दुर्लभ. आणि त्याच नीरेच्या कांठानें खालीं बारामतीकडे जावें, तों शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला. पंतसचिवांच्या सनदा आणि रोहिडा, राजगड, तोरणा ह्या किल्ल्यांचे वेढे ह्यांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. परंतु कुणब्याचें घर दरसाल चार महिने ज्या पावसाखालीं उभें राही, त्याच्याशीं चाललेला त्याचा झगडा कागदपत्रांत फारसा आढळत नाहीं. तो घरांतच शोधावा लागतो.

पावसाळ्याच्या तोंडास मराठींत 'आगोट' असा नेटका शब्द आहे. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वींच घर शाकारून घ्यावयाचें, कौलारू असेल तर कौलें चाळावयाचीं, आणि ज्या बाजूनें वारा पाऊस आणतो त्या बाजूच्या भिंतीस गवताच्या झडी बांधावयाच्या. कारण मातीची भिंत एकदां भिजली कीं छप्पर शाबूत असून उपयोग नाहीं. सरपण व गोवऱ्या माळ्यावर चढत. दाण्याच्या कणग्या शेणानें लिंपून भुईपासून उंच ठेवीत, आणि मीठ पाझरूं नये म्हणून त्याचें मडकें चुलीजवळ ऊब लागेल असें असे. विस्तव राखेंत जपणें हें तर घरच्या बाईचें रोजचें व्रतच. भाताच्या रोपासाठीं राब भाजून झालेला असे; लावणीला वांकलेल्या पाठीवर इरलें लागे, म्हणून तेंही वेळेवर विणावें लागे. ओढे भरले कीं वाड्यावस्त्यांचा संबंध तुटे. तेव्हां बाजारहाट, आप्तांकडे जाणेंयेणें, आजाऱ्याची सोय हें सर्व त्याआधीं उरकावें लागे. ह्या तयारींत पोथीपांडित्य नव्हतें, पण प्रत्येक वस्तूमागें कोणाची तरी एकदां झालेली फजिती उभी होती, असें मला वाटतें.

ही सारी बेगमी आकाशांतून पडणाऱ्या पाण्यासाठीं. माणसानें अडविलेलें पाणी ह्या हिशेबांत नव्हतें. भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघरचें मोठें धरण १९२८ सालीं पुरें झालें, आणि खालच्या कोरड्या मुलखास कालव्यानें ऊंस पिकवितां येऊं लागला. वरच्या खोऱ्यांतील लोकांची जमीन मात्र पाण्याखालीं गेली. ज्याच्या दारीं पाऊस, त्याच्याच वांट्याला पाण्याचा जांच, हा न्याय विचित्र खरा.

वेल्ह्याकडे आंबी नदीवरचें पानशेतचें मातीचें धरण ह्याहून निराळी आठवण ठेवून गेलें. काम पुरतें झालेलें नसतांच १९६१ च्या पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठलें. ता. ११ जुलै रोजीं बांध खचूं लागला, लष्कराच्या जवानांनीं रात्रभर भर पावसांत वाळूचीं पोतीं रचलीं, ता. १२ च्या सकाळीं तो फुटला. त्या लोंढ्यापुढें खालचें खडकवासल्याचें जुनें दगडी धरणही टिकलें नाहीं, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा बुडाल्या. पोत्यांच्या त्या भिंतीनें कांहीं तास मिळवून दिले, म्हणून पाणी रात्रीं झोंपेंत न येतां दिवसा आलें. नाहींतर प्राणहानि किती वाढती ह्याची कल्पनाच करवत नाहीं. परंतु त्या तासांचा उपयोग लोकांस व्हावा तेवढा झाला नाहीं. पुरेशी सूचना पुष्कळ घरांपर्यंत पोंचलीच नाहीं. मावळांतील म्हातारी मुंग्यांनीं अंडीं हलविलेलीं पाहून सरपण आंत ओढी. पेठांतील गृहस्थास मात्र नदी उंबऱ्याशीं आल्यावरच कळलें. शहरांत घरें पक्कीं होतीं, माळे होते, धान्यही होतें. नव्हता तो निरोप.

धरण पुढें पुन्हा बांधलें गेलें, आणि त्याचें पाणी आज पुण्याच्या नळांस येतें. भाटघरच्या जलाशयांत कांबरे गांवचें जुनें शिवमंदिर बुडालेलें आहे. उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं तें उघडें पडतें, लोक दर्शनास जातात, आणि पावसाळा भरांत आला कीं तें पुन्हा दिसेनासें होतें.