धरमतरची खाडी आणि तेलाचा थेंब

अंबा नदी सह्याद्रींत उगम पावून पालीच्या मुलखांतून नागोठण्यास येते आणि तेथून पुढें ती नदी राहत नाहीं, खाडी होते. हीच धरमतरची खाडी. पूर्वेस पेणचा खारेपाट, पश्चिमेस अलिबाग तालुका, मुखाशीं रेवस आणि करंजा हीं समोरासमोर बसलेलीं दोन बंदरें, आणि त्यांच्यापलीकडे मुंबईचें बंदर. एवढ्याशा जलमार्गानें शीड, वाफ आणि तेल अशा तीन शक्तींची राजवट पाहिली आहे. पहिल्या दोन राजवटींचें वर्णन पुष्कळांनीं केलें. तिसरीविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. आणि तिच्यांतही ज्या वीतभर यंत्रावर सारा डोलारा उभा आहे, त्या तेलाच्या पंपाची गोष्ट तर एंजिनाच्या खोलींतून बाहेरच आलेली नाहीं. या पंपाचा पेंच फिरवून एंजिनापासून ठरल्याहून अधिक जोर काढण्याची हौस किनाऱ्यावरच्या होड्यांत, घाटावरच्या विहिरींवर आणि मालमोटारींच्या अड्ड्यांवर सारखीच दिसते. ती कोठून आली आणि तिला उत्तर काय मिळालें, हें आज पाहावयाचें आहे.

शिडाच्या काळीं या खाडींत मालक दोन होते : वारा आणि भरती. उधाणाच्या दिवशीं मुंबईच्या परिसरांत पाणी पंधरा फुटांच्या आसपास चढतें. भात, मीठ, लांकूड घेऊन निघालेला मचवा ओहोटीबरोबर खाडीबाहेर पडे आणि परत येतांना भरतीची वाट पाहत रेवसाशीं नांगर टाकून बसे. तांडेलाचें कौशल्य मोठें असे. परंतु जोर वाढविणें त्याच्या हातीं नव्हतें. असलेला वारा वांयां जाऊं न देणें, एवढेंच त्याच्या हातीं होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईहून धरमतरला आगबोटी येऊं लागल्या, आणि पेण, अलिबाग, महाड या बाजूंच्या उतारूंना धरमतर हें मुंबईचें दार झालें. या आगबोटींनीं लोकांच्या मनावर एक गोष्ट पक्की ठसविली. भट्टींत कोळसा अधिक टाकला कीं वाफ अधिक होते, वाफ अधिक झाली कीं चाक अधिक जोरानें फिरतें. बाष्पपात्राची झडप उडेपर्यंत हा हिशेब खरा होता. भट्टीला हवा लागते ती धुरांड्याच्या ओढीनें आपोआप येते, म्हणून तिचा विचार आगवाल्यानें फारसा करावयाचा नसे. अधिक आग म्हणजे अधिक जोर, हें सूत्र येथून पुढें कारागिरांच्या हाडींमांसीं भिनलें. तेलाच्या एंजिनापाशीं तें घेऊन गेल्यावर मात्र घोटाळा झाला.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रविशारदाची कल्पना वाफेच्या अगदीं उलट होती. सिलिंडरांत नुसती हवा घ्यावी, ती इतकी दाबावी कीं दाबानेंच ती तापून लाल व्हावी, आणि त्या तापलेल्या हवेंत तेल सोडावें. म्हणजे ठिणगीवांचून तें पेट घेतें. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याचें एंजिन कसोटीस उतरलें तेव्हां तेलांतील उष्णतेपैकीं सुमारें २६ टक्के तें कामास लावीत होतें. त्या काळच्या साध्या वाफेच्या एंजिनांना याच्या निम्मेंही साधत नसे. परंतु तेल आंत घालावयाचें कसें ? सिलिंडरांतील दाबाविरुद्ध तें ढकलण्यासाठीं डिझेलनें त्याहूनही दाबलेल्या हवेचा झोत वापरला. त्यासाठीं निराळा हवेचा पंप हवा; तो जड, महाग, आणि एंजिनाच्याच शक्तीचा बराच भाग गिळणारा. १९१२ सालीं ‘सेलांडिया’ हें मोठें जहाज डिझेलच्या एंजिनांवर कोपनहेगनहून पूर्वेकडे निघालें. तेवढ्या जहाजाला असला पसारा झेपला. धरमतरच्या मचव्याला तो झेपण्यासारखा नव्हता. डिझेल स्वतः १९१३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडास जाणाऱ्या आगबोटीवरून रात्रीं नाहींसा झाला, आणि लहान एंजिनाचा प्रश्न मागें राहिला.

तो सोडविला स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें. १९२२ च्या अखेरीस त्यांनीं या कामीं हात घातला आणि १९२७ सालीं पंप विक्रीस सिद्ध झाला. हवेचा झोत गेला. आतां तेलच इतक्या दाबानें ढकलावयाचें कीं नॉझलच्या सूक्ष्म छिद्रांतून त्याचें धुकें व्हावें. या पंपाच्या पोटांत प्रत्येक सिलिंडरासाठीं बोटाएवढा एक प्लंजर असतो. तो व त्याची नळी यांच्यामधील फट केसाच्या विसाव्या भागाहूनही कमी. म्हणून एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या नळींत चालत नाहीं, जोडी जन्माचीच असते. प्लंजर दर वेळीं सारखाच वर जातो, पण त्याच्या अंगावर एक तिरकी खांच कापलेली असते. खांच नळींतील भोंकासमोर आली कीं दाब सुटतो आणि तेल जाणें थांबतें. प्लंजर किंचित् फिरविला तर खांच लवकर किंवा उशिरां समोर येते, आणि तेल कमी किंवा अधिक जातें. हें फिरविण्याचें काम दांते पाडलेली एक पट्टी करते. ती पट्टी गव्हर्नरच्या ताब्यांत. आणि ती एका मर्यादेपलीकडे सरकूं नये म्हणून शेवटीं एक पेंच. त्या पेंचावर कारखान्याचें शिशाचें सील असतें. आपल्या गोष्टीचें सारें रहस्य या सीलाखालीं आहे.

मोजमाप किती बारीक असतें पाहा. वीस अश्वशक्तीचें, दोन सिलिंडरांचें एंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असलें, तर तासाभरांत पंपाला साठ हजार वेळां तेल मोजून द्यावें लागतें. दर वेळचें माप सुमारें दीड थेंब, आणि तें देण्यास मिळणारा अवकाश सेकंदाच्या दोनशें-अडीचशेंव्या भागाइतका. सराफाच्या कांट्याचें आपल्याला कौतुक वाटतें. हा कांटा तर कोळ्याच्या होडींत तेलकट फडक्याखालीं पडलेला असतो.

महाराष्ट्रांत या एंजिनांचा प्रसार प्रथम झाला तो शेतांत. सातारा रोडचा कूपर कारखाना, आणि १९४६ मध्यें खडकीस निघालेली किर्लोस्कर ऑईल एंजिन्स यांनीं विहिरींवरच्या मोटा उतरविल्या. पंप मात्र बाहेरून येत. सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध पेटलें आणि जर्मन मालाची वाट बंद झाली, तेव्हां जुना पंप घासूनपुसून चालविण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. १९५१ सालीं बंगळूर येथें ‘मायको’ कंपनी स्थापन झाली आणि मग हे पंप देशांतच होऊं लागले. स्वातंत्र्यानंतर सरकारनें मासेमारीच्या होड्यांना एंजिनें बसविण्यासाठीं कर्ज व साहाय्य देऊं केलें, आणि कोंकणच्या खाड्यांत शिडाच्या फडफडीऐवजीं एंजिनाची ठकठक ऐकूं येऊं लागली.

आतां तो पेंच. नवी होडी दुसरीच्या मागें पडली, बाजार चुकला, किंवा ओहोटीच्या ओढीपुढें पाऊल पुढें पडेना, कीं मालक मिस्त्रीला म्हणे, ‘जरा तेल वाढवा.’ मिस्त्री सील तोडी, पेंच अर्धा फेरा फिरवी, आणि एंजिन खरोखरच जोर करी ! येथें मिस्त्रीला हंसण्याचें कारण नाहीं. कारखानदार पेंच बसवितात तो धुराच्या मर्यादेच्या थोडा अलीकडे, म्हणून थोडा जोर शिल्लक असतोच. शिवाय पंप जुना झाला कीं प्लंजर झिजून तेल गळतें, माप उणें पडतें. अशा वेळीं पेंच फिरवून मिस्त्री जें देतो तें नवें नसतें, हरवलेलेंच परत आलेलें असतें. माझें मत असें कीं, ‘पंप वाढविला आणि एंजिन वाघ झालें’ अशा ज्या कथा मिस्त्रीखान्यांत सांगतात, त्यांतील निम्म्या या प्रकारच्या असाव्यात.

परंतु त्यापुढें काय होतें ? एक लिटर तेल पूर्णपणें जाळण्यास दहा हजार लिटरांहून अधिक हवा लागते, आणि सर्व हवेशीं तेल नीट मिसळत नसल्यामुळें प्रत्यक्षांत त्याहूनही बरीच अधिक. पंप तेल वाढवूं शकतो. हवा वाढवूं शकत नाहीं. सिलिंडर दर खेपेस जेवढी हवा ओढतो तेवढीच ओढणार. त्यांतही युरोपांतील थंड हवेपेक्षां आपली वैशाखांतील हवा सहा-सात टक्क्यांनीं विरळ. म्हणजे तिकडच्या मेजावर बसविलेला पेंच इकडे आधींच थोडा सैल ठरतो. मर्यादा ओलांडली कीं उरलेलें तेल काळा धूर होऊन बाहेर पडतें, किंवा उशिरां जळून बाहेर जाणाऱ्या वायूचा ताप वाढवितें. झडपा जळतात, दट्ट्या नळींत धरतो, हेडला तडा जातो, आणि न जळलेलें तेल खालच्या वंगणांत उतरून त्याचें पाणी करतें. पेंचाबरोबर गव्हर्नरची कमानही ताणली, किंवा आठ मिलिमीटरांच्या प्लंजरऐवजीं नऊचा घातला, तर विचारूंच नये. एक मिलिमीटर म्हणजे किती थोडें, असें वाटतें; पण तेल व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, म्हणजे सव्वापटीहून अधिक होतें.

आणि मिळतें काय ? पाण्याचा न्याय मोठा कठोर आहे. होडीला लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या सुमारास वाढत जाते. पंधरा टक्के जोर वाढविला, तर वेग वाढतो पांच टक्क्यांच्या आसपास. धरमतरहून चार तासांची खेप असेल, तर वांचलीं अकरा-बारा मिनिटें. त्या मिनिटांसाठीं कर्ज काढून घेतलेलें एंजिन, आणि आषाढांत बंदराच्या तोंडाशीं तें बंद पडलें तर आंतील माणसें, पणाला लागतात. मालमोटारीचें एंजिन घाटांत बंद पडलें तर चाकाखालीं दगड लावतां येतो. खाडींत तो कोठून लावणार?

शिडाच्या तांडेलाला जें ठाऊक होतें तेंच मग शास्त्रज्ञांनाही मान्य करावें लागलें : जोर वाऱ्याचा. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालींच त्याचा पेटंट घेतला होता. एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त वायु फुकट जातो. त्यानें एक चाक फिरवावें, आणि त्या चाकाच्या दांड्यावरील दुसऱ्या पंख्यानें ताजी हवा दाबून सिलिंडरांत भरावी. युक्ति साधण्यास वीस वर्षें लागलीं. १९२६ च्या सुमारास ‘प्रॉइसेन’ व ‘हान्सेश्टाट डान्त्सिग’ या दोन जर्मन उतारू-जहाजांवर ती बसविली, तेव्हां १७५० अश्वशक्तीचीं एंजिनें २५०० अश्वशक्ति देऊं लागलीं. तेल येथेंही वाढविलें होतें. पण आधीं हवा, मग तेल. पुढें हीच युक्ति लहान एंजिनांत आली, तेव्हां पंपावर कातड्यासारख्या पातळ पडद्याची एक डबी बसविण्यांत येऊं लागली. हवेचा दाब चढला कीं पडदा दबतो आणि मगच दांत्याची पट्टी पुढें सरकते. हवा आली नाहीं तर तेल अडून राहतें. जें काम मिस्त्रीच्या संयमावर सोडलें होतें, तें कारखान्यानें एका पडद्याकडे दिलें. १९९७ पासून मोटारगाड्यांत आलेल्या कॉमन रेल पद्धतींत तर माप ठरविणारी तिरकी खांच आणि पेंच हे गेले. तेलाचें माप आतां विजेच्या यंत्रांतला एक आंकडा ठरवितो. आणि तो आंकडा बदलून देणारे कारागीरही लगोलग निर्माण झाले आहेत !

धरमतरास उतारूंच्या आगबोटी येणें केव्हांच थांबलें. खाडीवर पूल झाला, आणि अलिबागचा रस्ता त्यावरून जातो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत डोलवीस इस्पात कंपनीचा पोलादाचा कारखाना उभा राहिला. २०१० सालीं तो जिंदालांच्या समूहाकडे गेला. त्याच्या धक्क्यासाठीं कोळसा व लोखंडाची माती भरलेलीं बार्जें मुंबईच्या बाहेरील पाण्यांतून, रेवस-करंजाच्या मधून, आंत येतात. त्यांचीं एंजिनें मचव्याच्या एंजिनाच्या कित्येक पट मोठीं, आणि बहुतेकांवर ब्यूखीचा पंखा आहे.