अंड्यावरील कोंबड्या आणि खाद्यातील नैसर्गिक अँटिऑक्सिडंट

अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या संकरित कोंबडीकडून, म्हणजे व्यवसायाच्या भाषेत 'लेअर'कडून, वर्षाकाठी तीनशेच्या आसपास अंडी अपेक्षित असतात. त्यासाठी तिला रोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागते. बलकात जवळजवळ एक तृतीयांश स्निग्धांश असतो आणि तो तयार करण्याचे काम तिच्या यकृताला अखंड करावे लागते. या चयापचयात मुक्त मूलके, म्हणजे अतिशय अस्थिर रेणू, निर्माण होतात आणि पेशींच्या आवरणातील मेदाम्लांवर आघात करतात. उघडे ठेवलेले तेल खवट होते, तशीच ही क्रिया आहे. तिला आवर घालणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट.

शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था असतेच. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे त्यातील एक प्रमुख विकर. त्याच्या घडणीत सेलेनियम असते, हे १९७३मध्ये सिद्ध झाले. ई जीवनसत्त्व मात्र खाद्यातूनच मिळावे लागते. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत कोंबडी माणसापेक्षा भाग्यवान आहे. ते ती आपल्या मूत्रपिंडात तयार करते. कडक उन्हाळ्यात मात्र तेही अपुरे पडते.

खरी कसोटी या उन्हाळ्यातच लागते. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती धापा टाकून उष्णता बाहेर टाकते. पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही अधिक जातो, रक्तातील बायकार्बोनेट घटते आणि अंड्याचे कवच पातळ होते. खाणे मंदावते, अंडी कमी होतात, त्यांचा आकारही लहान होतो. विदर्भ-खान्देशातील कुक्कुटपालकांना एप्रिल-मेमधील ही घट नवी नाही.

स्कॉटलंडमधील रॉस्लिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या प्रश्नाचा अभ्यास केला. उष्णतेच्या ताणाखालील लेअर कोंबड्यांना दर किलो खाद्यामागे २५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व दिले असता उत्पादनातील घट बऱ्याच अंशी कमी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४मध्ये नमूद केलेली किमान गरज किलोमागे अवघी पाच एककांची आहे. म्हणजे ताणाच्या काळासाठी सुचवलेली मात्रा सुमारे पन्नासपट! हा खर्च बारमाही परवडणारा नाही. शिवाय खाद्यात मिसळले जाणारे ई जीवनसत्त्व बहुधा कारखान्यात तयार झालेले असते. त्यामुळे हळद, आवळा, तुळस, शेवग्याचा पाला, रोझमेरी, ओरेगॅनो यांकडे संशोधकांचे लक्ष वळले.

या वनस्पतींचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही प्रयोगांत अंड्यांचे प्रमाण किंवा कवचाची जाडी सुधारली, काहींत फरकच पडला नाही. जात, जमीन आणि वाळवण्याची पद्धत यांनुसार वनस्पतीतील गुणद्रव्यांचे प्रमाण बदलते, हे त्याचे एक कारण. थंड, हवेशीर शेडमधील निरोगी कोंबडीत लाभ फारसा दिसत नाही, हे दुसरे. मात्रा वाढवणे हाही उपाय नव्हे. शेवग्याचा पाला जास्त झाला की खाद्यातील तंतुमय भाग वाढतो आणि उत्पादन उलट घटते. सेलेनियम तर अधिक झाल्यास विषारीच ठरते.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे ई जीवनसत्त्व बलकातही उतरते. जवस खाऊ घालून मिळवलेल्या ओमेगा-३युक्त अंड्यांत त्याला विशेष महत्त्व आहे, कारण त्यांतील स्निग्धांश लवकर बिघडतो. गर्द पिवळा बलक पाहून मात्र हुरळून जाऊ नये. तो रंग पिवळ्या मक्यातून किंवा झेंडूच्या अर्कातून सहज येतो; कोंबडीच्या प्रकृतीविषयी तो फारसे सांगत नाही.

खाद्य टिकवण्यासाठी एथॉक्सिक्विन हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट दीर्घकाळ वापरले गेले. युरोपीय संघाने २०१७मध्ये त्याची परवानगी स्थगित केली आणि २०२२मध्ये ती नाकारली. त्यानंतर तेथे नैसर्गिक पर्यायांना मागणी वाढणे स्वाभाविक होते. पण तांदळाचा कोंडा आधीच खवट झालेला असेल, मक्याला बुरशी लागून त्यात अफ्लाटॉक्सिन तयार झाले असेल, तर वरून टाकलेली हळद यकृताला कितपत वाचवणार? म्हणूनच जाणकार कुक्कुटपालक नवे चूर्ण विकत घेण्याआधी मक्यातील ओलावा तपासतात आणि उन्हाळ्यात खाद्य थोडे थोडे, ताजे दळून घेतात.