‘व्होमिटोरियम’ म्हणजे काय?

वाचकहो, प्राचीन रोमविषयी एक गोष्ट तुमच्याही कानांवर आली असेल. श्रीमंत रोमन लोक म्हणे गळ्यापर्यंत जेवत, मग शेजारच्या खोलीत जाऊन ओकत आणि पुन्हा जेवायला येत. त्या खोलीचे नाव ‘व्होमिटोरियम’! नव्यानेच शिकवू लागलो होतो, तेव्हा मीही ही गोष्ट वर्गात रंगवून सांगितली. मुले पोट धरून हसली. ती खरी नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. त्या मुलांपैकी काहीजण आज स्वतः शिक्षक आहेत. म्हणून हे सांगणे मला भाग आहे.

व्होमिटोरियम ही खोली नव्हेच. ती वाट आहे. रोमचे कोलोसियम हे प्रचंड प्रेक्षागार इ. स. ८० मध्ये खुले झाले. सुमारे पन्नास हजार माणसे तेथे बसत, असा अंदाज आहे. तळाशी ८० कमानी, त्यांपैकी ७६ कमानींवर आकडे कोरलेले. काही आकडे आजही वाचता येतात. आपल्या आकड्याच्या कमानीतून शिरायचे, जिना चढायचा आणि बैठकांच्या पोटातून काढलेल्या बोळातून एकदम उजेडात, आपल्या जागेपाशी यायचे. हा बोळ म्हणजे व्होमिटोरियम. खेळ संपला की गर्दी अशाच वाटांनी बाहेर पडे. जत्रेतली चेंगराचेंगरी ज्याने पाहिली आहे, त्याला या सोयीचे मोल सांगायला नको.

मग नाव असे ओंगळ का? लॅटिनमध्ये ‘व्होमेरे’ म्हणजे ओकणे, हे खरे. पण वैशाखात सूर्य आग ओकतो, असे आपणही म्हणतोच ना? म्हणून सूर्याचे पोट बिघडले, असे कोणी समजत नाही! पाचव्या शतकातील मॅक्रोबियस या ग्रंथकाराने शब्दाची फोड करून ठेवली आहे : या वाटांतून माणसे घोळक्याने येतात आणि बैठकांवर ओतली जातात, म्हणून हे नाव.

खाऊन ओकणारे काही धनिक रोममध्ये होते, बरं का. सेनेकाने त्यांना चांगले झोडपले आहे. पण त्यासाठी वेगळी खोली बांधल्याचा पुरावा नाही. वाटेचे नाव आणि खादाडांची निंदा यांची गाठ पुढच्या लोकांनी मारली. १९२३ सालच्या ऑल्डस हक्सले यांच्या कादंबरीतही हाच चुकीचा अर्थ आहे. तिथे माझी काय कथा!

शाहू छत्रपतींनी १९०२ च्या युरोपप्रवासात रोमचे हे प्रेक्षागार पाहिले होते. पुढे १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. तेथे कधी कुस्त्यांना गेलात, तर मैदान सुटताना जरा बाजूला थांबा, आणि दारे माणसे कशी ओकतात ते बघा.