द्वेषपूर्ण भाषणाचा कायदा आणि सरकारची परवानगी

भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ समाजगटांत वैर पसरवण्याविरुद्ध आहे, तर २९९ धर्मभावना दुखावण्याविरुद्ध. हे २९९ म्हणजे जुने २९५अ, १९२७ चे. त्याच वर्षी बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली! धर्मग्रंथाची चिकित्सा गुन्हा ठरत नाही. अपमान जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केल्याचे सिद्ध व्हावे लागते. पण गुन्हा नोंदवला जातो तो आधीच. पुढे या दोन्ही कलमांत खटल्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते, म्हणजे कोणावर खटला चालवायचा हे सत्ताधारी ठरवतात. आम्हाला भीती आहे ती याची. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात अशी परवानगी लागत नाही. अनुसूचित जातींविरुद्ध द्वेष पसरवणे, त्यांना पूजनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अवमान करणे हे त्याच्या कलम ३ खाली गुन्हे आहेत. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही हे संरक्षण मिळते.