लुगड्याचा दंड

‘दंड म्हणजे काय?’ असे वर्गात विचारून पहा. कुणी सांगेल, चुकल्यावर भरावा लागतो तो. कुणी हाताच्या दंडाकडे बोट दाखवील. तिसरा अर्थ मुलांना घरी आजीला विचारून यावे लागेल. लुगडे किंवा धोतर जुने होऊन विरले की विरलेला भाग काढून टाकायचा आणि उरलेले धड भाग शिवून जोडायचे. या जोडाला दंड म्हणत. कधी दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग जोडून वापरण्याजोगे एक लुगडे तयार होई.

या साध्या कामामागे बारीक निरीक्षण होते. नेसलेले वस्त्र सगळीकडे सारखे झिजत नाही. बसताना, वाकताना जिथे घासते आणि ताणले जाते, तिथले धागे आधी झिजतात. पदराकडचा भाग त्या मानाने धड राहतो. म्हणजे ‘लुगडे फाटले’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याचा थोडाच भाग निकामी झालेला असतो. एकदा भोक पडले की मात्र ते लवकर वाढते. तुटलेल्या धाग्यांवरचा ताण भोकाच्या कडेच्या धाग्यांवर येतो, ते तुटले की त्यांच्या शेजारच्यांवर. म्हणून वेळीच घातलेला टाका किंवा ठिगळ काम करते: ताण पुन्हा अनेक धाग्यांत वाटला जातो. ‘आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार’ ही म्हण ज्यांनी केली, त्यांनी ठिगळे खूप लावली असणार!

सोलापूर हे तर कापडाचे गाव. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग इथे होते. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदास यांनी इथे कापडगिरणी उभी केली. पुढे तीच ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यामागून आणखी गिरण्या निघाल्या. पण कापड विणणाऱ्यांच्या गावातही कापड जपूनच वापरले जाई. ज्याला एका लुगड्यामागची मेहनत ठाऊक, तो ते सहजी टाकील कसा? अगदी चिंध्या झाल्या तरी त्यांची वाकळ होई. थरावर थर ठेवून जवळजवळ धावदोरा घातला की थर सरकत नाहीत, त्यांच्यामधली हवा अडकून राहते आणि अंगाची ऊब टिकते.

शिवणयंत्राची गोष्ट याच सुमारास जगात दुसरीकडे चालू होती. फ्रान्समधल्या थिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये त्या यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले, तेव्हा पोट जाईल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी यंत्रे फोडली. १८४६ मध्ये अमेरिकेत एलियास हाऊने दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट घेतले. त्याच्या सुईचे नेढे टोकाजवळ होते. सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, तिथे धोटा खालचा दोरा त्यात अडकवतो. धोटा पाहून सोलापूरच्या मुलांना मागाची आठवण येईलच. १८५१ मध्ये सिंगरचे यंत्र आले आणि ते हप्त्यांवर विकले जाऊ लागल्याने घरोघरी पोचले. आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्याला ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागली.

पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना शिवणकामही शिकवले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांच्या हाती मिळकतीचे साधन यावे हा त्यामागचा विचार होता. घरातल्या सुईला पैशाचे मोल आले. तोवर दुकानात बसून शिवणारा तो कारागीर, आणि घरात शिवणारीचे ते नुसते ‘काम’, असाच हिशेब होता.

दुसऱ्या महायुद्धात कापड दुर्मिळ झाले. १९४३ मध्ये भारतात सुती कापड आणि सूत यांवर सरकारी नियंत्रण आले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने आपल्या नागरिकांसाठी कपडे दुरुस्त करायला शिकवणारी पुस्तिका छापली. आपल्या आज्या ते पुस्तिकेवाचून करत होत्या.

पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आज सोलापूर गणवेश शिवणारे शहर म्हणून ओळखले जाते. पण तो गणवेश घालणाऱ्या मुलाला तुटलेले बटण लावता येते का? कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, त्याला अनेक वर्षे लोटली. शिवण मात्र बहुतेक ठिकाणी ‘मुलींचा विषय’ होऊन मागे पडली.

आज तयार कपडा स्वस्त मिळतो, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. किंमत पैशात मोजली तर हे खरेच आहे. ती पाण्यात मोजून पहा. जागतिक सरासरीने एका सुती शर्टामागे, कापूस पिकवण्यापासून धरून, सुमारे २,५०० लिटर पाणी लागते. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मुलामुलींना मिळून एक तास द्या. जुना गणवेश उजेडासमोर धरून तो कुठे विरला आहे ते शोधू द्या. जुन्या कापडावर धावदोरा आणि उलटटीप घालून, मधला एक टाका कापून, दोन्हींतले दोरे ओढून पाहू द्या: कोणता सहज सरकतो? धान्याच्या पोत्याची शिवण योग्य बाजूने ओढली तर सरसर उसवते. तो थिमोनिएचा साखळी टाका. यंत्राची टीप तशी का उसवत नाही, हे मग मुलेच सांगतील. शेवटी प्रत्येकाने स्वतःचे एक बटण लावावे. आणि दंड म्हणजे काय, हे घरून विचारून आलेल्या मुलाला आधी बोलू द्यावे.